सात दगडांची पिशवी

किल्ला बघायला जातो, असं कौतिक गुरुजींनी सांगितलं तेव्हा कुंदाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. अडुसष्टाव्या वर्षी, चैत्राच्या उन्हात, गुडघ्याला पट्टा बांधून नवरा एकटाच किल्ला बघायला निघतो, म्हणजे एक तर त्याचं डोकं फिरलंय नाहीतर तो काहीतरी लपवतोय, एवढं त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळत होतं. किल्ला काय पळून चाललाय का, पाऊस पडल्यावर जा, असं त्यांनी म्हणून पाहिलं. गुरुजी गुडघ्याचा पट्टा आवळत राहिले. शेवटी कुंदाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि एक कांदा फडक्यात बांधला आणि ते बोचकं नवऱ्याच्या जाड कापडी पिशवीत घातलं. ही पिशवी निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिली होती, शाल आणि नारळासकट. शाल कधीच जावयाकडे गेली, नारळाची चटणी झाली, पिशवी तेवढी टिकली.

गुरुजी लपवत होते हे खरंच होतं. चार दिवसांपूर्वी जळगावच्या वाचनालयात पेपर चाळताना धुळ्याकडच्या पानावर त्यांना एक फोटो दिसला होता. सोनटेकच्या किल्ल्याखालच्या वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन रांगेने चालल्या होत्या. खाली लिहिलं होतं, की वाडीच्या डोक्यावर, किल्ल्याच्या पहिल्या टप्प्यात, ऐन उन्हाळ्यातही न आटणारं टाकं आहे. पण त्यात साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा, वास आहे म्हणून गाव त्या पाण्याला शिवत नाही आणि बायका दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर जातात. शेवटची ओळ अशी होती, की एकतीस वर्षांपूर्वी बोदवडकडच्या एका गुरुजींना तिथे आसरांचं प्रत्यक्ष दर्शन झालं, असं गावकरी सांगतात.

बोदवडकडचे ते गुरुजी आता जळगावात वाचनालयाच्या बाकावर बसले होते आणि ती ओळ पुन्हा वाचत होते. त्यांना कसलंही दर्शन झालेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. त्या वर्षी ते सातवीच्या वर्गाची सहल घेऊन आगगाडीने सोनटेकला गेले होते. एक्केचाळीस पोरं आणि गुरुजी एकटे. दुसरे शिक्षक ऐन वेळी आजारी पडले होते, जसे दुसरे शिक्षक नेहमीच पडतात. टाक्याच्या शेवाळलेल्या काठावर पोरं वाकून आपापलं तोंड पाण्यात बघू लागली. एकाचा पाय घसरला, दोघांनी त्याला सदऱ्याला धरून ओढलं. गुरुजी ओरडले, छडी आपटली, कान पिळले. पोरं पुन्हा काठावरच. तेव्हा गुरुजींनी सात गोटे वेचले, खिशातला लाल खडू टाक्याच्या पाण्यात भिजवून त्यांना फासला, ओळीने मांडले आणि गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, अंग थरथरवत हात जोडले. म्हणाले, पोरांनो, मागे सरका, साती आसरा पाण्यावर आल्यात, मला दिसताहेत. पोरं अशी मागे सरकली की दोन दिवस कुणी आंघोळसुद्धा केली नसेल. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरं धडधाकट घरी पोचली आणि गुरुजींना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. गोटे उचलायचं मात्र ते विसरले.

ते विसरणं निस्तरायला गुरुजी निघाले होते. वाडीत जायचं, चार माणसं जमवायची, सांगायचं की बाबांनो, ते खोटं होतं, पाणी भरा. एवढंच काम. पण जन्मभर दुसऱ्यांकडून खरं वदवून घेणाऱ्या माणसाला स्वतः एकदा खरं बोलायचं म्हटलं की ते आधी पाठ करावं लागतं, आणि ते पाठ करतच गुरुजी पहाटेच्या गाडीत चढले.

चाळीसगावला गाडी बदलली. धुळ्याच्या गाडीत खिडकी मिळाली, पण खिडकीतून वाराही तापलेलाच येत होता. बाहेर कापसाची रिकामी रानं, मध्येच कुठे विहिरीजवळ हिरवा तुकडा, बाकी सगळं भाजलेलं. समोरच्या माणसाने कुठे निघालात विचारलं. गुरुजी म्हणाले, किल्ला बघायला. या वयात हौस आहे बुवा, असं तो माणूस म्हणाला, आणि गुरुजींना त्या हौशी म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

सोनटेक रोड हे स्टेशन म्हणजे एक लिंब, एक बाक आणि तिकिटाची बंद खिडकी. तिथून वाडीपर्यंत तीन किलोमीटर. रिक्षा नव्हती. अर्धा तास वाट पाहून गुरुजी चालू लागले. पहिल्या किलोमीटरला गुडघा बोलू लागला, दुसऱ्याला पाण्याची बाटली संपली, तिसऱ्याला आपण इथे मेलो तर कुंदाबाई म्हणतील मी सांगितलं होतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. किल्ला समोर दिसत होता. काळ्या दगडाची डोंगराची सोंड, तिच्यावर पडका बुरूज, कमान ढासळलेला दरवाजा. एकतीस वर्षांत तो तसूभरही हलला नव्हता. गुरुजी मात्र पार मोडले होते.

वाडीच्या अलीकडे चिंचेखाली ते मटकन बसले. तेवढ्यात खालच्या पायवाटेने एक बाई वर आली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, पन्नाशीची, वाळून चिपाड झालेली. म्हातारा धापा टाकतोय हे तिने पाहिलं, कळशी उतरवली आणि काही न विचारता त्यांच्यासमोर वाकली.

"पानी पी ल्या आबा, ऊन भलतं शे."

गुरुजींनी ओंजळ धरली. पाणी पोटात गेलं तेव्हा त्यांना किती बरं वाटलं हे सांगता येणार नाही, आणि दुसऱ्याच क्षणी ते पाणी कुठून आलंय हे आठवून किती वाईट वाटलं तेही सांगता येणार नाही. त्यांनी तिला विचारलं, ही कितवी खेप? ती म्हणाली, दुसरी. होळीपासून मृगापर्यंत रोज दोन खेपा. आता उन्हाळा लवकर लागतो, म्हणजे वर्षाचे चार महिने धराच. नळ? नळ दारोदार बसलेत, त्यांना पाणी यायचं बाकी आहे. टँकर आठवड्यातून एकदा येतो, कधी तोही येत नाही.

तिचं नाव तानुबाई. किल्ला पाहायला आलोय म्हटल्यावर तिला आश्चर्य वाटलं नाही. पेपरात आल्यापासून रोज चार माणसं येत होती, आणि आसरांची जागा दाखवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं. हंडा घरात ठेवून ती पदराने तोंड पुसत परत आली. वर जायला जेमतेम दोनशे पावलं. गुरुजींनी ती मोजली, सवयीने.

टाकं तसंच होतं. कातळात कोरलेलं, चौकोनी, काठोकाठ भरलेलं, वर हिरवा पापुद्रा. पलीकडे दोन शेळ्या पाणी पीत होत्या. त्यांना आसरांचं कुणी सांगितलेलं नसावं. आणि अलीकडच्या काठावर सात दगड ओळीने बसले होते. शेंदराचे थरावर थर चढून ते मूळच्या दुप्पट झाले होते. त्यांना चांदीचे डोळे लावले होते, पुढ्यात हिरव्या बांगड्या, सुकलेले नारळ, खणाचे रंग उडालेले तुकडे. गुरुजींनी बोटाच्या नखाने एका दगडाच्या बुडाशी शेंदूर किंचित खरवडला. खाली खडूचा फिकट लाल होता.

तानुबाईने लगबगीने त्यांचा हात मागे घेतला आणि आल्या-गेल्याला सांगायची तशी हकिगत सांगायला सुरुवात केली. ती नवी नवरी होती. महिना झाला होता लग्नाला. तेव्हा बठ्ठं गाव, लहानथोर सगळे, याच टाक्याचं पाणी पीत होतं. ती हंडा घेऊन वर आली तर एक गुरुजी गुडघ्यांवर बसलेले, अंगात कापरं भरलेलं, सगळी पोरं भेदरून उभी. गुरुजींना आसरा दिसल्या. शिकलेला माणूस, कशाला खोटं बोलेल? तिने हंडा तिथेच टाकला आणि धावत गावात जाऊन सांगितलं. त्याच आठवड्यात पोलीस पाटलाची दुभती म्हैस मेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, एवढंच. पण त्या दिवसापासून गावाने टाकं सोडलं.

इथवर सांगून ती थांबली, कारण ऐकणारा म्हातारा खाली बसला होता आणि रडत होता.

"तानुबाई," गुरुजी म्हणाले, "तो गुरुजी मीच. मला काही दिसलं नव्हतं. पोरं पाण्यात पडतील म्हणून मी नाटक केलं. हे दगड मी मांडले. हा खडूचा रंग आहे."

तानुबाई उभीच राहिली. तिला राग येईल, ती शिव्या देईल, अशी गुरुजींची तयारी होती. त्यांना तर ते हवंच होतं. शेळ्या पाणी पिऊन निघून गेल्या. तिने एकदा टाक्याकडे पाहिलं, एकदा खाली वाडीकडे, मग त्याहून खाली, जिथे विहिरीची वाट उन्हात पांढरी दिसत होती.

मग ती हळूहळू बोलू लागली. तिची मुलगी कोकिळा चौथीत हुशार होती. हिचं तिसरं बाळंतपण झालं, कंबर धरली, हंडा उचलेना; मग हंडा कोकिळाने उचलला आणि शाळा सुटली. सासू याच वाटेवर पडली ती उठलीच नाही. शेजारच्या सुनंदाबाईची सून दुष्काळी गाव म्हणून माहेरी निघून गेली. हे सगळं तिने कुणावर ठपका न ठेवता सांगितलं, आणि त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण होतं. गुरुजी म्हणाले, मी आत्ताच्या आत्ता गावात येतो, सगळ्यांसमोर सांगतो, काय शिक्षा द्यायची ती द्या.

"नका सांगू," ती म्हणाली. "गावमा तुम्हीन नही सांगं, मीन सांगं. तुम्ही गाडीमा बशीसन निंघी जाशात. माले आठेच ऱ्हानं शे." एकतीस वर्षांपूर्वी धावत जाऊन गावात सांगितलं होतं ते तिनेच, आणि राहायचंही तिलाच होतं. "आनि आते खोटं शे म्हनी सांगशात, तं मी इतला वरीस कसाले चालनू?"

छत्तीस वर्षं गुरुजींनी शिकवलं होतं की सत्य सांगावं. ते सत्य ज्याच्या पदरात पडतं त्याने ते कुठे ठेवावं, हे काही त्यांच्या पुस्तकात नव्हतं. ते फार थकले होते. खरं सांगून हलकं व्हायला आपण आलो आणि आपलं ओझं या बाईच्या डोक्यावर दिलं, आधीच्या हंडा-कळशीवर, हे त्यांना स्वच्छ दिसलं आणि स्वतःची लाज वाटली.

तानुबाई दगडांपुढे उकिडवी बसली. वाळलेली फुलं तिने बाजूला केली. कुठल्याही वर्षी काय पिकवायचं आणि काय शिजवायचं हे ठरवतात तशा व्यवहारी आवाजात ती म्हणाली, की आसरा काही या गावच्या नव्हेत. त्या गुरुजींसोबत आलेल्या. आणल्या त्याने त्यांना परत न्यावं, यात कुणाचा काय अपमान? ओटी भरू, मान देऊ, पाहुणी देवी मान मिळाला की खुशीने जाते.

"तुम्हीन मांड्या, तुम्हीच लई जा," ती म्हणाली. "मान दीसन."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

अर्ध्या तासात टाक्यापाशी पंधरा-वीस बायका आणि पाच-सहा बाप्ये जमले. तानुबाईने घरातून नारळ, गहू आणि नवा खण आणला होता. मुलाने दिवाळीला आणलेला, न शिवलेला. सगळ्यांच्या देखत तिने सात दगडांची ओटी भरली. मग गुरुजींना उभं केलं. बोदवडचे तेच गुरुजी, असं ती म्हणाली तेव्हा बायकांनी डोक्यावरून पदर घेतले आणि दोघी-तिघी त्यांच्या पायाही पडल्या. गुरुजींना जमीन दुभंगावी असं वाटलं. पण बोलायला तर हवं होतं. ते म्हणाले, आसरांचं बोलावणं आलं म्हणून मी आलो. त्यांना आता मोठ्या पाण्याला जायचंय. हे पाणी त्या तुम्हाला देऊन चालल्यात. एक खोटं फेडायला आलेला माणूस भर दुपारी दुसरं खोटं बोलला, आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं वठलं.

गर्दीत बेबाबाई नावाची एक म्हातारी होती, काठीवर हनुवटी टेकून उभी. तिने बराच वेळ गुरुजींना निरखलं होतं.

"गुरुजी," तिने विचारलं, "तवयच का बरं नही लई गयात?"

सगळे गुरुजींकडे बघू लागले. तानुबाईसुद्धा.

"तेव्हा पिशवी नव्हती," गुरुजी म्हणाले.

म्हातारीने मान हलवली, म्हणजे पटलं असावं, किंवा काही म्हाताऱ्यांना पटलं नाही तरी पुढे जायचं असतं. गुरुजींनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं. सकाळपासून सोडलंच नव्हतं. भाकरी त्यांनी तिथेच एका पोराच्या हातात दिल्या, पिशवीच्या तळाशी फडकं आणि त्यावर ओटीचा खण अंथरला आणि एकेक दगड उचलून आत ठेवला. शेंदराने हात लाल झाले. उचललेल्या जागी काठावर सात फिके ठसे राहिले.

मग काय करायचं कुणाला कळेना. पाणी समोर होतं आणि कुणी पुढे होईना. तानुबाई उठली. रिकामा हंडा तिने आधीच आणून ठेवला होता, हे गुरुजींच्या तेव्हा लक्षात आलं. तिने पदर खोचला, हाताने पापुद्रा बाजूला केला, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून तो आडवा पाण्यात घातला. हंड्याने गटगट आवाज केला आणि तो भरला. तिने तो काठावर घेतला, डोक्यावर ठेवला, आणि सवयीने विहिरीच्या वाटेची लांब चाल धरून निघाली. दोनशे पावलांत तिचं घर आलं. दारात ती थांबली, वळली, आणि वरच्या माणसांकडे न बघता, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, पण दुपार इतकी सुनसान होती की वर टाक्यापर्यंत ऐकू आलं.

"कितलं जवळ व्हतं."

परतीला एका पोराने मोटारसायकलवरून गुरुजींना स्टेशनवर सोडलं. चाळीसगावची गाडी तासभर उशिरा होती. बाकावर बसून त्यांनी पाठ टेकली तेव्हा अंगातलं सगळं बळ गेलं होतं. किल्ला पाहायचा राहिलाच, हे त्यांना आठवलं. कुंदाबाई विचारतील, कसा होता? काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं नाही.

गाडीत गर्दी नव्हती. शेजारी बसलेल्या तरुणाने पिशवी खाली ठेवा आबा, जड दिसतेय, असं दोनदा सांगितलं. गुरुजींनी ती मांडीवरच धरली. शेंदूर कापडातून धोतराला लागला होता. दगड सोडायला तापीवर कधी जायचं, कुणाला सांगून जायचं, हे पुढचं पुढे.

गाडी सुटल्यावर त्यांच्या डोक्यात आपोआप गणित सुरू झालं. जन्मभर पोरांना हीच गणितं घातली होती, टाकीत इतकं पाणी, नळ इतका वेळ चालू. एक बाई रोज दोन खेपा करते. जाऊन-येऊन चार किलोमीटर, म्हणजे दिवसाला आठ. वर्षाचे चार महिने, म्हणजे नऊशे साठ. एकतीस वर्षांचे एकोणतीस हजार सातशे साठ. त्यांनी ते दोनदा ताडून पाहिलं. उत्तर बरोबर होतं.

पुढचा गुणाकार वाडीतल्या चाळीस घरांचा होता. तो गुरुजींनी केला नाही.